वंदूला कुठे ठेवायचं

मी माझ्या आईला जन्मभर वयनी म्हणालो. ऐकणारा हसतो. हसू दे. माझे आईवडील परळला एका खोलीत दहाबारा गाववाल्यांबरोबर राहायचे, वडील गिरणीत, आई त्या सगळ्यांचं जेवण रांधायची. तिथे पोराला झोपवायला जागा नव्हती, म्हणून मला दीड वर्षाचा असताना गावी धाकट्या काकाकडे ठेवला. काका आईला वयनी म्हणायचा, म्हणून मीही वयनी. काकीची पोरं काकीला आये म्हणायची, म्हणून मीही काकीला आये. वर्षातून एकदा मे महिन्यात आई यायची, बिस्किटाचा पुडा घेऊन, आणि मी खळ्यातून ओरडायचो, "आये गे, मुंबयची वयनी इली!" ती पुडा हातात धरून तशीच उभी राहायची, एवढं मला आठवतं. दहा वर्षांचा झालो तेव्हा मला मुंबईला आणलं. चौथी झाली होती. पुढे मुंबईच्या शाळेत मन रमलं नाही, मास्तरशी मारामारी केली आणि सुटलो. साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो. माझं शिक्षण तेवढंच. हे लिहितोय त्यात चुका असतील, त्या नात काढणार आहे. मी सांगितलंय, शुद्धलेखन बघ, बाकी हात लावायचा नाही.

ज्या दिवसांबद्दल लिहायचंय तेव्हा मी तिशीला आलो होतो. दहिसरला, नदीच्या अलीकडे, आमची चाळीतली खोली होती. वडील गेले होते, वयनी आमच्याकडे. माझी बायको सुमन, आणि एकच मुलगी, वंदना. वंदू. खोलीत सकाळी पहिला आवाज स्टोच्या पंपाचा, दुसरा वयनीच्या बांगड्यांचा. ती पाट्यावर वाटण वाटायची, ओलं खोबरं, धने, लाल मिरच्या, आणि त्या वासानेच वंदू उठायची. चेकनाक्यावर ट्रक उभे असायचे, त्यांचे हॉर्न दिवसभर. आम्हाला ऐकू यायचे बंद झाले होते, पाहुणे कानावर हात ठेवायचे. सुमन सातवी शिकलेली. आमच्या खोलीत सगळ्यात जास्त शिकलेली तीच, आणि ती ते कधी बोलून दाखवायची नाही, फक्त मी पेपर उलटा धरला तर सरळ करून द्यायची. मी मुद्दाम उलटा धरायचो. आता पेपर सरळच धरतो, करणार काय. सुमन गेली त्याला वर्ष होत आलं. सकाळी चहा टाकताना अजून पाणी दोन कपांचं पडतं आणि मग मी एक कप मोरीत ओततो.

तेव्हा मला मस्कतचं काम आलं. तिथल्या एका शेठच्या वर्कशॉपला फोरमन पाहिजे होता, आमच्या मालकाने माझं नाव कळवलं. शेठने पत्र पाठवलं की वर्कशॉपच्या माथ्यावर दोन खोल्या आहेत, बायकोला आणि मुलीला आणलंस तरी चालेल. आमच्या चाळीतून तोवर दोघंतिघं आखातात गेले होते, पण सगळे एकटे. बायकापोरांना घेऊन कोणी गेलं नव्हतं. सुमन पत्र ऐकून एवढंच म्हणाली, "मग तिथे वंदूला शाळा कुठली?" मी म्हटलं, असेल कुठलीतरी. ती म्हणाली, "असेल कुठलीतरी असं नको. विचारा." मी विचारलं. शेठच्या मुनीमाने उत्तर पाठवलं, सोबत तिथल्या हिंदुस्थानी लोकांच्या शाळेचा छापील फॉर्म आणि शाळेचं एक पत्र. दोन्ही इंग्रजीत.

इंग्रजी वाचायचं तर आमच्या चाळीला एकच माणूस, फिलोमावशी. ती नदीपलीकडच्या जुन्या गावठाणातली, किरिस्ताव, स्वतःच्या वाडीतली भाजी टोपलीत घेऊन दारोदार विकायची. लहानपणी सिस्टर लोकांच्या शाळेत शिकलेली. कोणाचं पत्र, कोणाची नोटीस, सगळं तिच्याकडे. आणि ती वाचायची ते मोठ्याने, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं. तिने चष्मा लावला, वालाच्या शेंगांची टोपली खाली ठेवली आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

"दत्ता, तुझ्या पोरीला दुसरीत बसवणार."

"दुसरीत कशी? तिसरी पास झाली ती. चौथीत जाणार."

"तिला इंग्लिश येत नाय ना बाबा. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना दोन यत्ता खाली घेतात, असं लिवलंय. नायतर नाय घेत."

"पहिला नंबर आहे तिचा!"

"मला काय ओरडतोस? मी शाळा काढलीय तिथे?" फिलोमावशीने टोपली उचलली. "वालपापडी देऊ का पाव किलो?"

माझं डोकं फिरलं. चौथीचा आकडा माझ्या डोक्यात खिळ्यासारखा होता. माझी चौथी झाली आणि तिथेच गाडी थांबली. माझी पोर चौथीच्या दारात उभी, शाळेच्या शिंदेबाई तिला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवणार होत्या, तसं त्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं. आणि हे लोक तिला मागे ढकलणार, बारक्या पोरांत बसवणार! मी त्याच संध्याकाळी ठरवलं. वंदू इथेच राहील. वयनी आहे, शिंदेबाई आहेत, फिलोमावशी आहे. मी आणि सुमन जाऊ, दोन वर्षं काढू, परत येऊ. वर्कशॉपमध्ये सगळे म्हणाले, बरोबर आहे, सगळे असंच करतात. मालक म्हणाला, बोर्डिंगात घाल, पाचगणीकडे चांगली बोर्डिंगं आहेत. शिंदेबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "ठेवा हो निर्धास्त. मी बघते तिच्याकडे. अशा मुलीचं वर्ष वाया घालवू नका." एवढी शिकलेली बाई सांगते म्हटल्यावर माझ्या मनात शंका राहिली नाही. सुमनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचं ठरलं?" मी म्हटलं, ठरलं. ती म्हणाली, "माझं ठरलेलं नाही."

दोनचार दिवस ती याच्यावर बोललीच नाही. सुमन भांडायची नाही, पण गप्प राहिली की खोलीतली भांडी तेवढी वाजायची. मग एके दिवशी मला डबा देताना म्हणाली, "तुमच्या वर्कशॉपात गिऱ्हाईक नवीन पार्ट करायला सांगतं तेव्हा तुम्ही पहिलं काय मागता?"

"सॅम्पल."

"सॅम्पल न बघता काम घेता?"

"मूर्ख आहे काय मी? जुना तुटका पार्ट हातात आल्याशिवाय लेथ चालू करत नाही."

"मग शाळेचं सॅम्पल बघा ना. त्या शाळेत शिकलेलं पोर बघा. मग ठरवा."

हे मला पटलं. माझ्याच भाषेत बोलली ना. आमच्या कामात तोंडाने सांगितलेलं माप कोणी धरत नाही. वस्तू समोर पाहिजे, कॅलिपर लावून बघता आली पाहिजे. मी शोध घेतला तर आमच्याच वर्कशॉपातल्या सावंतचा थोरला भाऊ मस्कतला होता, कुटुंब घेऊन राहणारा, आणि ती मंडळी नेमकी सुट्टीत दिंडोशीच्या कॉलनीत आलेली. मुलगी त्याच शाळेत. दीपा नाव, बारा वर्षांची, तिच्या पाठचा भाऊ बंटी.

एका शनिवारी मी, सुमन आणि वंदू बसने दिंडोशीला गेलो. सुमनने सकाळी उठून खापरोळ्या केल्या होत्या, डबाभर, आणि नारळाच्या रसाची बाटली, ती मांडीवर सांभाळत ती बसमध्ये बसली. सावंतांच्या घरी सगळं परदेशी. टेपरेकॉर्डर, थर्मास, प्लास्टिकची फुलं. सावंतवहिनींनी नारिंगी सरबत दिलं. मी सरबताला हात न लावता कामाला लागलो. दीपाला समोर बसवलं आणि विचारलं, "बाळा, सतराचा पाढा म्हण."

ती म्हणाली, "सेव्हन्टीनचा? अंकल, मला इंग्लिशमध्ये येतो."

"मराठीत?"

"मराठीत नाय येत."

"कविता येते एखादी मराठी?"

"नाय." आणि मग स्वतःच म्हणाली, "मी पहिल्या वर्षी खूप रडली. मला लहान मुलांच्यात बसवलेलं. बेंच पण छोटा होता."

संपलं. माझ्या दृष्टीने पार्ट रिजेक्ट. मी सुमनकडे बघितलं, की बघ, मी सांगत होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तेवढ्यात सावंतवहिनी दीपाला म्हणाल्या, जा, खाली जाऊन बर्फ घेऊन ये, आणि ती पोरगी उसळली. "मीच का? नेहमी मीच! बंटी काय करतो? तू त्याला काहीच सांगत नाहीस!" वहिनी म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर शोभतं का गं?" "तू मला पाहुण्यांसमोर काम सांगतेस ते शोभतं?" असं बडबडत, चपला आपटत गेली, बर्फ आणला, आणि येऊन आईच्या अंगावर रेलून बसली, रुसलेलीच, आईचा पदर बोटाला गुंडाळत. मला वाटलं, वा, संस्कार पण नाहीत. मस्कतची शाळा म्हणजे पुरतीच वाट लागलेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. बांगडे स्वस्त मिळाले होते. वयनीने तिरफळं घालून तिखलं केलं, सोलकढी केली, उकडा भात. दुपारी आम्ही चौघं गोल करून जेवायला बसलो. माझी एक खोड सांगायला पाहिजे. मी जेवताना ताटाभोवती डाव्या हाताचं कोंडाळं करून बसतो आणि माशाचा चांगला तुकडा भाताखाली दडवून शेवटाला खातो. काकाकडे आम्ही सहा पोरं पंगतीला, आणि मी त्या घरचा नव्हतो. चुलत भावंडं वाईट नव्हती, पण माझ्या ताटात त्यांचा हात पटकन यायचा. काकीने कधी मला उपाशी ठेवलं नाही, तिच्यावर बोट ठेवणार नाही मी. पण माझ्या डाव्या हाताची ती सवय गेली नाही, लग्न झालं, पोर झाली, तरी गेली नाही. लग्नानंतर सुरुवातीला सुमन हसायची. नंतर हसणं बंद केलं.

मी जेवता जेवता म्हटलं, "बघितलंस ना सॅम्पल? पाढा येत नाही, कविता येत नाही, आईला उलट बोलते. माझी पोर तसल्या शाळेत जाणार नाही. विषय संपला."

सुमनने हातातला घास ताटात ठेवला. "ती आईशी भांडली, ते बघितलंत तुम्ही?"

"बघितलं ना. तेच सांगतोय."

"मीही तेच सांगते. तुम्ही वयनींशी कधी भांडलात?"

मी म्हटलं, "आईशी कोण भांडतं? मी आजवर वर मान करून बोललो नाही."

"पाहुण्यांशी कोणी भांडत नाही," सुमन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अहो, आईबापांबरोबर गेलेल्या पोराचं सॅम्पल काल बघून आलो. मागे ठेवलेल्या पोराचं सॅम्पल बघायला मला दिंडोशीला जायला नको. ते रोज माझ्यासमोर जेवायला बसतं. हात बघा तुमचा कुठे आहे."

मी बघितलं. हात ताटाभोवती होता. भाताखाली बांगड्याचा तुकडा होता. वंदू माझ्याकडे बघत होती, तिचा बांगडा उघडा ताटात पडला होता, अर्धा कोरलेला, तिला घाई नव्हती. मला एवढा राग आला की मी ताट सारून उठणार होतो. पण त्याआधी वयनी बोलली. वयनी जेवताना कधी बोलायची नाही.

"दोन वर्सांसाठी म्हणान ठेवलंय तुका," ती म्हणाली. "खोली झाली की मुंबयक हाडूया, म्हणालंय. आठ वर्सां झाली. हाडलंय तेवा तू माका वयनी म्हणाक लागल्लंस. तोंडातसून ता काय माझ्यान काढूक झाला नाय." मग सोलकढीची वाटी माझ्या ताटाजवळ सरकवली. "चेडवाक घेवन जा. माझ्या गळ्यात बांधू नको. एक पोर ठेवलेला पुरे झाला."

"आणि तू? एकटी राहणार?"

"फिलो आसा. मी मरत नाय."

ती एकटी राहणार हे तिला माहीत होतं. वंदू म्हणजे तिचा जीव, रात्री तिच्या कुशीत झोपायची, तिच्या बांगड्या फिरवत. तरी म्हणाली. पुढे तिने तसेच दिवस काढले, फिलोमावशीच्या सोबतीने, आणि आमच्या पत्रांची वाट बघत. आम्ही दर सुट्टीत यायचो, पण सुट्टी म्हणजे किती. ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. एक पोर मागे राहू नये म्हणून एक म्हातारी मागे राहिली.

त्या दुपारी मी उठलो नाही. भाताखालचा तुकडा काढला आणि वंदूच्या ताटात टाकला. ती म्हणाली, "मला नको बाबा, माझाच संपत नाही." सुमन म्हणाली, "दुसरीत तर दुसरीत. खाली बसली तर पुढे वर चढेल. डबा माझ्या हातचा नेईल." मी म्हटलं, "आण तो फॉर्म."

फॉर्म फिलोमावशीने भरला, मोठ्या अक्षरात, जिभेचं टोक दातात धरून. यत्तेच्या जागी तिने पेन थांबवलं. "दुसरी लिवू? नक्की? मागून मला बोलायचं नाय." मी म्हटलं, लिही. तिने लिहिलं. खाली मी सही केली.

शाळा उघडल्यावर दाखला आणायला गेलो. शिंदेबाई नाराज झाल्या. "अहो, तुम्ही ठेवणार होतात ना? हिची स्कॉलरशिप नक्की होती." मी म्हटलं, "होती बाई. तुमचं काही चुकलं नाही." त्यांनी दाखल्याची वही काढली, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं सुबक अक्षरात लिहिलं, आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण या रकान्याशी आल्या. "वडिलांची बदली, असं लिहिते."

"बदली नको," मी म्हटलं. "मी काय कलेक्टर आहे? आईवडिलांबरोबर राहण्यासाठी, असं लिहा."

"असं कारण कोणी लिहीत नाही हो."

"तुम्ही लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं. रकाना छोटा, शब्द बाहेर आले, शेवटचा शब्द खाली दुसऱ्या ओळीत गेला. मी तो दाखला उभ्या उभ्या दोनदा वाचला. माझ्या चौथीच्या दाखल्यावर काय कारण लिहिलं होतं कोण जाणे. मी कधी बघितलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी वयनी पाट्यावर वाटण वाटत होती, आमच्याबरोबर द्यायला. सुमन आणि वंदू फिलोमावशीकडे निरोप घ्यायला गेल्या होत्या. मी तिच्या मागे उभा राहिलो. मनात घोकून आलो होतो. तीस वर्षांचा बाप्या, आणि दोन अक्षरं तोंडातून निघेनात. शेवटी कसंबसं म्हटलं, "आये."

वरवंटा थांबला. तिने मागे बघितलं नाही. म्हणाली, "ऱ्हवांदे रे. वयनीच म्हण. आता आये म्हणान हाक इली तर माका कळाक नको?" आणि वाटायला लागली.

मस्कतला वंदूला दुसरीत बसवलं. बेंच खरंच छोटा होता. महिनाभर ती मुकाट जायची, मुकाट यायची, आणि मला भीती वाटायला लागली, कारण मुकाटपणा मला चांगला माहीत आहे. मग एका दुपारी मी जेवायला वर आलो तर ती शाळेतून आली, दप्तर भिंतीवर फेकलं, आणि आमच्या दोघांच्या अंगावर धावून आली. "तुम्ही मला इकडे का आणलंत? मी पहिली यायची! तिकडे माझी आजी होती! मला एबीसीडीवाल्या बाळांच्यात बसवलंय, सगळे हसतात! तुम्ही वाईट आहात! दोघं पण!" असं किंचाळत तिने मला दोन्ही मुठींनी पोटात मारलं. मी तिला ओरडायला तोंड उघडलं आणि सुमनकडे बघितलं. सुमन स्टोसमोर उभी होती, हातात चपाती, डोळ्यांत पाणी, आणि हसत होती. मला खुणेने म्हणाली, मारू दे.

दोन वर्षांनी शाळेने वंदूला एक यत्ता गाळून वर चढवलं. दोनांतली उरलेली एक यत्ता गेली ती गेली. सतराचा पाढा ती अजून इंग्रजीत म्हणते. पन्नाशीला आलीय आणि माझ्याशी रोज भांडते. सुमनच्या बाराव्यालाही भांडली, की बाबा, तुम्ही आता इथे एकटे राहायचं नाही, माझ्याकडे मुलुंडला चला. मी म्हटलं, मी कुठे जाणार नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. गोळ्या घेतल्या का, खोटं बोलू नका, काल डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय, तुम्ही माझं काही ऐकत नाही. काल तर बोलता बोलता फोन ठेवूनच दिला. मी फोन हातात धरून बसलो. मग जेवायला पान घेतलं. ताट एकटंच असतं आता. भात वाढला, बांगडा वाढला. डावा हात उचलून मांडीवर ठेवला, तो मला अजून आठवणीने ठेवावा लागतो. पहिला घास घेतला आणि फोन परत वाजला. वंदूच होती. म्हणाली, "माझं बोलणं संपलं नव्हतं."